घरची कॉफी : पाणी, प्रमाण आणि पारख

कृष्णाकाठचे वाई हे घाटांचे, देवालयांचे आणि विद्येचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची १९६० मध्ये स्थापना झाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य याच गावात उभे राहिले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील सर्व विषयांचे ज्ञान मराठीतून सांगण्याचा संकल्प ज्या गावी सिद्धीस गेला, त्या गावच्या स्वयंपाकघरापासून एका नित्याच्या पेयाचे शास्त्र समजून घेणे अप्रस्तुत ठरू नये. हे पेय म्हणजे कॉफी.

महाराष्ट्र हा प्रामुख्याने चहा पिणारा प्रदेश आहे. तरीही कॉफीला मराठी घरात स्वतःचे असे स्थान आहे. चहा न घेणाऱ्या पाहुण्यासाठी, उपवासाच्या दिवशी, परीक्षेच्या अभ्यासासाठी किंवा हरतालिकेच्या जागरणाला कॉफी केली जाते. परंतु बहुतेक घरी ती चहाच्याच रीतीने होते. दूध, पाणी, साखर, कॉफीची पूड आणि जायफळ ही सर्व सामग्री एकाच पातेल्यात घालून ती उकळली जाते. अशा कॉफीला गोडवा आणि जायफळाचा सुवास असतो. कॉफीचा स्वतःचा सुगंध मात्र वाफेबरोबर निघून गेलेला असतो. पैसे कॉफीचे द्यावयाचे आणि चव जायफळाची घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. तो बदलण्यासाठी महागड्या यंत्राची मुळीच आवश्यकता नाही. पुडीची पारख, मोजके प्रमाण आणि पाण्याच्या उष्णतेचे भान या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

झाडापासून पुडीपर्यंत

कॉफीच्या बियांना जुन्या मराठीत बुंद अथवा बुंददाणा म्हणत. येमेनमधून सात बिया आणून बाबा बुदन यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात सतराव्या शतकात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आज भारतातील कॉफीचे उत्पादन मुख्यतः कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या राज्यांत होते. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यातही आदिवासी शेतकरी ती पिकवतात. महाराष्ट्रात कॉफीचे नाव निघते ते अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यासंबंधी. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील या थंड हवेच्या ठिकाणी ब्रिटिश काळापासून कॉफीची झाडे आहेत. भारतीय कॉफी मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

कॉफीच्या दोन जाती व्यापारात महत्त्वाच्या आहेत. अरेबिका ही उंच व थंड प्रदेशात येणारी, सौम्य व सुगंधी जात. तिच्यात कॅफीन वजनाच्या सुमारे सव्वा टक्का असते. रोबस्टा ही कमी उंचीवर येणारी, अधिक कडसर व जाड अंगाची जात. तिच्यात कॅफीनचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असते. दुधातील कॉफीला रोबस्टाचा दमदारपणा उपयोगी पडतो आणि अरेबिकामुळे सुवास येतो. म्हणून दाक्षिणात्य घरांत दोहोंचे मिश्रण पसंत केले जाते. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू येथील अरेबिका व वायनाडची रोबस्टा यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला असे मानांकन २०१८ मध्ये लाभले होते. हळदीचा रंग व वास पाहून तिची प्रत सांगणारे जाणकार सांगली-सातारा भागात काही कमी नाहीत. कॉफीकडेही त्याच चोखंदळ दृष्टीने पाहता येईल.

हिरव्या दाण्याला कॉफीचा सुगंध नसतो. दाणे भाजताना, सुमारे दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेच्या आसपास, ते तडतडतात व फुगतात आणि त्यांतील शर्करा, प्रथिने व आम्ले यांच्यात रासायनिक क्रिया होऊन शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये उडून जाणारी असतात. अखंड भाजलेल्या दाण्यात ती काही आठवडे टिकतात. दाणा दळला की हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि सुगंधाचा ऱ्हास झपाट्याने होतो. म्हणून मिरपूड किंवा वेलदोड्याची पूड जशी ऐन वेळी करणे उत्तम, तशीच कॉफीही. घरी दळण्याची सोय नसल्यास एक-दोन आठवड्यांना पुरेल इतकीच पूड आणणे हिताचे ठरते.

चिकोरी आणि ग्राहकाचा हक्क

बाजारातील पुष्कळशी फिल्टर कॉफी ही शुद्ध कॉफी नसते. तिच्यात चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी ही एका वनस्पतीची मुळी असून ती भाजून दळतात. भारतात तिची लागवड मुख्यतः गुजरात व उत्तर प्रदेशात होते. तिच्यात कॅफीन नसते. परंतु तिच्यामुळे पेयाला गडद रंग, दाटपणा आणि कडसर-गोडसर चव येते. अनेकांना ही चव आवडते. त्यामुळे चिकोरी घालणे ही फसवणूक नव्हे. ती न सांगता घालणे, किंवा मर्यादेपलीकडे घालणे, ही फसवणूक होय.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याखालील नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण वजनाने ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि दोहोंची टक्केवारी वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ही टक्केवारी वाचण्याची सवय थोड्या ग्राहकांना असते. २०० ग्रॅमच्या एका पुड्यात कॉफी ८० टक्के असेल तर ग्राहकास १६० ग्रॅम कॉफी मिळते. दुसऱ्या पुड्यात ती ५५ टक्के असेल तर केवळ ११० ग्रॅम. दोन्ही पुड्यांचे वजन सारखे, वेष्टनाची झळाळी सारखी, पण पदरात पडणाऱ्या कॉफीत ५० ग्रॅमचा फरक. म्हणून पुड्याची किंमत त्यातील कॉफीच्या वजनाशी ताडून पाहणे हा खरा हिशेब होय. शाळेतील शेकडेवारीच्या धड्याला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणे कठीण आहे.

पुडीची प्राथमिक तपासणीही घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यावर चिमूटभर पूड अलगद भुरभुरावी. कॉफीचे कण तेलकट असल्याने काही काळ पृष्ठभागावर तरंगतात. चिकोरीचे कण पाणी लगेच शोषून तळाकडे जाऊ लागतात आणि जाताना तपकिरी रंगाच्या रेषा सोडतात. दुसऱ्या पेल्यात अर्धा चमचा पूड मिनिटभर ढवळून पाच मिनिटे स्थिर ठेवावी. मातीची भेसळ असल्यास ती तळाशी साचलेली दिसते. या चाचण्यांनी नेमकी टक्केवारी कळत नाही. तथापि वेष्टनावर शुद्ध कॉफी असे छापलेले असताना चिकोरीच्या रेषा दिसल्या, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्यास तो सबळ आधार ठरतो.

पाण्याची उष्णता : वाई आणि महाबळेश्वर

कॉफी करणे म्हणजे पुडीतील विद्राव्य द्रव्ये पाण्यात उतरविणे. भाजलेल्या कॉफीत पाण्यात विरघळू शकणारा भाग वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के असतो. परंतु तो सगळा चांगल्या चवीचा नसतो. प्रथम आम्लधर्मी व सुगंधी द्रव्ये उतरतात, नंतर गोडसर, आणि शेवटी कडू व तुरट. जाणकारांच्या मते १८ ते २२ टक्के भाग उतरला म्हणजे चव समतोल होते. त्याहून कमी उतरल्यास कॉफी पांचट व आंबूस, आणि अधिक उतरल्यास ती कडवट होते. पूड घालून पाणी खळखळा उकळत ठेवल्यास नेमकी हीच दुसरी अवस्था येते. शिवाय सुगंध उडून जातो तो वेगळाच.

यासाठी ९० ते ९६ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी योग्य मानले जाते. येथे सातारा जिल्ह्याच्या भूगोलाचा एक मनोरंजक संबंध येतो. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांस उकळते; पण उंची वाढत जाते तसा हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरमागे उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९७ ते ९८ अंशांच्या दरम्यान उकळते. पसरणीचा घाट चढून पाचगणीस आणि पुढे सुमारे १,३७२ मीटर उंचीवरील महाबळेश्वरास गेल्यावर हाच बिंदू ९५ ते ९६ अंशांवर येतो.

याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. मुंबईत किंवा कोकणपट्टीत पाण्याला उकळी आल्यावर भांडे खाली उतरवून मिनिटभर थांबावे आणि मग ते पुडीवर ओतावे. वाईत अर्धा मिनिट थांबणे पुरे. महाबळेश्वरास मात्र उकळी येताच पाणी ओतावे; तेथे थांबल्यास उलट नुकसान होते. एकच कृती सर्व गावांना लागू पडत नाही, ती अशी.

पाण्याची जातही महत्त्वाची आहे. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. नदीचे पाणी तुलनेने मृदू असते. अतिकठीण पाण्यात कॉफीची आम्लता दबून चव बोथट होते, तर पूर्णतः क्षाररहित पाण्यात ती निर्जीव वाटते. साधारण पिण्याचे, वासरहित, ताजे पाणी सर्वांत योग्य. क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी काही वेळ उघडे ठेवल्यास किंवा उकळल्यास तो कमी होतो.

फिल्टरची कृती

दाक्षिणात्य पद्धतीचा पितळी वा स्टीलचा फिल्टर हे अत्यंत साधे आणि टिकाऊ साधन आहे. त्यात एकावर एक बसणारी दोन भांडी असतात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. पूड दाबण्यासाठी दांडीची एक सच्छिद्र चकती असते आणि वर झाकण. वीज लागत नाही, कागद लागत नाही, मोडण्यासारखे काही नाही.

दोघांसाठी २० ग्रॅम बारीक पूड घ्यावी. पोह्याच्या सपाट चमच्यात साधारण चार ते पाच ग्रॅम पूड मावते. एकदा काट्यावर मोजून आपल्या घरचा चमचा निश्चित करून ठेवणे बरे. पूड वरच्या भांड्यात घालून सपाट करावी आणि चकतीने हलकेच दाबावी. फार दाबल्यास पाणी अडते; मुळीच न दाबल्यास ते भराभर वाहून जाते आणि अर्क पातळ येतो. प्रथम थोडेसे गरम पाणी गोलाकार फिरवून पूड भिजवावी व अर्धा मिनिट थांबावे. ताजी पूड या वेळी फुगून बुडबुडे सोडते. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत असल्याची ती खूण होय. पूड फुगली नाही तर ती शिळी आहे असे समजण्यास हरकत नाही. नंतर उरलेले पाणी ओतून झाकण ठेवावे. एकूण पाणी १२० मिलिलिटर पुरते. पूड स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत खालच्या भांड्यात ८० मिलिलिटरच्या आसपास दाट अर्क जमतो.

दूध वेगळे तापवावे. प्रत्येक पेल्यात ४० मिलिलिटर अर्क, चवीपुरती साखर आणि १०० मिलिलिटर वाफाळते दूध घालावे व एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा उंचावरून ओतून फेस आणावा. अर्क पुन्हा उकळू नये. तो थंड झाला असल्यास भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करावा. सकाळचा अर्क दुपारपर्यंत ठीक राहतो, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवण्यात मात्र अर्थ नाही.

फिल्टर नसल्यासही अडत नाही. एका माणसामागे १० ग्रॅम जाडसर पूड आणि १६० ते १८० मिलिलिटर पाणी हे प्रमाण धरावे. पाणी उकळून आच बंद करावी, पूड घालून एकदा ढवळावी, झाकण ठेवून चार मिनिटे थांबावे आणि स्वच्छ सुती कापडातून गाळावे. ही कॉफी बिनदुधाची किंवा थोड्या दुधाची चांगली लागते. कापड साबणाने धुऊ नये. केवळ गरम पाण्यात खळबळून उन्हात वाळवावे, अन्यथा साबणाचा वास कॉफीत उतरतो.

ग्रामपंचायतीच्या सभेला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला वीस जणांची कॉफी करावयाची असल्यास हेच प्रमाण दसपट करावे. २०० ग्रॅम पूड, सव्वा लिटर पाणी व दोन लिटर दूध लागते. एवढ्या पुडीसाठी कापडी पिशवीची गाळणी उपयोगी पडते. अर्क आधी काढून ठेवावा आणि पाहुणे येतील तसे गरम दूध मिसळावे. तासभर चुलीवर आटत राहिलेल्या पातेल्यापेक्षा ही रीत इंधनाचीही बचत करते.

जायफळ आणि तत्काळ कॉफी

जायफळाला कॉफीतून हद्दपार करण्याचे कारण नाही. मराठी घराने ही चव आपलीशी केली आहे आणि दुधाशी ती जमतेही. केवळ ते उकळत्या पातेल्यात न घालता तयार पेल्यावर एक-दोनदा किसणीवर फिरवावे, म्हणजे दोन्ही सुवास वेगवेगळे कळतात. जायफळ अधिक प्रमाणात अपायकारक असल्याने चिमटीची मर्यादा येथेही पाळली पाहिजे.

बाटलीतली तत्काळ विरघळणारी कॉफी ही आधीच तयार केलेल्या अर्काची कोरडी पूड असते. ती सोयीची आहे, परंतु तिचे काढण्याचे काम कारखान्यातच पूर्ण झालेले असते. तिला उकळण्याचे मुळीच प्रयोजन नाही. गरम दुधात किंवा पाण्यात ती ढवळली की झाले.

साठवण

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कृष्णाखोऱ्यात हवेतील दमटपणा वाढतो. महाबळेश्वरास तर वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत उघडी पूड काही दिवसांतच दमट होऊन तिच्या गुठळ्या होतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या, शक्यतो काठोकाठ भरलेल्या लहान डब्यात ती ठेवावी. मोठ्या डब्यात थोडी पूड राहिली की वरची हवाच तिचा सुगंध खाते. हिंग व मसाल्यांशेजारी डबा ठेवू नये. शीतकपाटातून डबा वारंवार आत-बाहेर केल्यास त्यात दव धरते, म्हणून तोही उपाय टाळावा. ओला चमचा डब्यात घालू नये.

आरोग्याची मर्यादा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत कॉफीचा स्पष्ट उल्लेख आहे. १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तत्काळ कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, तर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसभरातील एकूण कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये, अशी शिफारस आहे. म्हणजे फिल्टर कॉफीचे दोन-तीन पेले ही मर्यादा होय. त्यात दिवसभराचा चहाही मोजला पाहिजे. संध्याकाळनंतर घेतलेली कॉफी झोपेत व्यत्यय आणते. जागरणाला उपयुक्त असलेला गुण नित्याच्या रात्री दोष ठरतो.

त्याहून महत्त्वाची सूचना वेळेसंबंधी आहे. कॉफी व चहातील द्रव्ये अन्नातील लोहाशी संयोग पावतात आणि ते शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात. म्हणून जेवणाच्या आधी किमान एक तास आणि नंतर एक तास ही पेये टाळावीत, असे या तत्त्वांत म्हटले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. ज्या घरी लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, त्या घरी गोळीबरोबर किंवा जेवणालगत कॉफी अथवा चहा घेतला जाऊ नये, ही साधी गोष्ट अंगणवाडी व शाळा यांच्यामार्फत सर्वत्र पोहोचण्यासारखी आहे. यात खर्च काहीच नाही. केवळ घड्याळाकडे पाहावे लागते.

उत्पादकाशी नाते

कॉफीच्या पेल्याचा संबंध दूरच्या मळ्यांशीही आहे. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा देशातच मागणी निर्माण करावी म्हणून इंडियन कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळाच्या कार्यास अधिष्ठान मिळाले. १९५० च्या दशकात मंडळाने उपाहारगृहे बंद करण्यास आरंभ केला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ती पुन्हा चालू केली. सहकाराचे मोल जाणणाऱ्या सातारा-सांगलीच्या वाचकाला ही हकीकत निश्चितच जवळची वाटेल. आजही भारतीय कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो आणि तेथील भावाच्या चढउतारावर उत्पादकाचे उत्पन्न अवलंबून राहते. देशातील ग्राहक चांगल्या कॉफीची पारख करू लागला, तर लहान उत्पादकाला घराजवळचा एक आधार मिळू शकतो.

वेष्टनावरील टक्केवारी वाचणे, पूड मोजून घेणे, ती न उकळता योग्य उष्णतेच्या पाण्यात तिचा अर्क काढणे आणि जेवणापासून तासाभराचे अंतर राखणे, एवढ्या चार गोष्टी घरोघरी रूढ झाल्या तर पैशाचे चीज होईल आणि आरोग्यही सांभाळले जाईल. गाळून उरलेला चोथाही वाया घालवण्याचे कारण नाही. परसातील खताच्या खड्ड्यात पालापाचोळ्यासोबत तो टाकावा; त्यातील नत्र अखेर मातीच्या उपयोगी पडते.